उरलेला पास्ता, अर्धा तास आणि चौघांचं जेवण

फ्रीजमधून काढलेला पास्ता डब्याचाच आकार घेऊन बसलेला असतो. घाईत तो तसाच तव्यात उपडा करायचा, वर पाणी ओतायचं आणि ढवळत राहायचं, असं केलं की पाच मिनिटांत बाहेरच्या कडांचा लगदा होतो आणि गोळ्याच्या पोटात गारवा तसाच राहतो. मग सगळं सारखं गरम व्हावं म्हणून आणखी ढवळलं जातं आणि ताटात गिचका येतो. यात दोष पास्त्याचा कमी, क्रमाचा जास्त.

शिजताना पास्त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. गार झाल्यावर त्याच स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून पास्ता कडक, जरासा रबरी लागतो. वरचा चिकट थर वाळून शेजारच्या तुकड्याला डकतो तो वेगळाच. हा कडकपणा म्हणजे कच्चेपणा नव्हे. थोडं पाणी आणि उष्णता मिळाली की एक-दोन मिनिटांत तो जातो. त्याला कच्चं समजून पुन्हा शिजवायला गेलं, तिथेच सगळं बिघडतं. तेव्हा नियम एकच: बाकीचं सगळं आधी पूर्ण शिजवून ठेवायचं, पास्ता शेवटी घालायचा आणि तो फक्त गरम करायचा. अंड्याचा आणि ओव्हनचा पदार्थ याला अपवाद आहे. तिथे मऊ पडलेला पास्ताही चालतो, किंबहुना तिथेच तो खपवावा.

वापरायचा की टाकायचा

शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेला आणि ५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलेला पास्ता तीन ते चार दिवस चालतो. मासे किंवा कोळंबी घातलेला असेल तर दुसऱ्या दिवशीच संपवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला पास्ता मात्र टाकूनच द्यायचा, मग तो दिसायला कितीही चांगला असो. ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. अन्न तासन् तास कोमट राहिलं की ते वाढतात आणि जे विष तयार करतात, ते नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. त्याला वासही येत नाही. त्यामुळे ‘वास तर ठीक आहे’ हा निकष इथे उपयोगाचा नाही. किती वेळ बाहेर होता, एवढंच विचारायचं.

पुन्हा गरम करताना मध्यभाग ७४ अंशांपर्यंत गेला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर डिशच्या मधोमध सुरी खुपसून दहा सेकंद ठेवा आणि पातं मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून पाहा. चटका बसला पाहिजे, नुसतं कोमट लागून भागणार नाही. आणि गरम करायचा तो एकदाच, लागेल तेवढाच.

किती आहे आणि कसा आहे

१०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण २०० ते २५० ग्रॅम होतो. चौघांच्या जेवणाला, भाज्या आणि कडधान्यं सोबत असतील तर, ५०० ग्रॅम शिजलेला पास्ता पुरतो. अंड्यात घालायचा असेल तर ४०० ग्रॅम आणि सूपमध्ये ३०० ग्रॅमसुद्धा भरपूर. वजनकाटा नसेल तर २४० मिलिलिटरच्या कपात पेने किंवा मॅकरोनी सैल भरली की १२० ते १४० ग्रॅम धरा. डब्यात दोनच कप निघाले, तर पास्ता वाढवायला नवीन पाणी चढवू नका. जुना आणि ताजा पास्ता एकत्र केला की दोन्हींचा मऊपणा वेगळा राहतो आणि तो प्रत्येक घासाला जाणवतो. भाजी, अंडी, राजमा, छोले यांचं प्रमाण वाढवणं जास्त शहाणपणाचं.

आता एक तुकडा उचलून दोन बोटांत दाबा. दाबताना आत टणकपणा जाणवला तर तो तव्यावर परतायला उत्तम. सहज दबला पण आकार टिकला, तर ओव्हनमध्ये किंवा अंड्यात घाला. दाबल्यावर पीठ झालं, तर सूपशिवाय मार्ग नाही, आणि तेही त्याच दिवशी.

आकारही बघावा लागतो. स्पॅगेटीसारखे लांब धागे अंड्यात फार छान बसतात, कारण त्यांची जाळी सगळं धरून ठेवते. पेने, रिगातोनीसारख्या नळ्या ओव्हनला योग्य. फुसिली तव्यावर परतली की तिच्या पिळांत सॉस अडकतो. रॅव्हिओलीसारखा भरलेला पास्ता उकळत्या पाण्यात पुन्हा टाकू नका, शिवणी सुटून सारण पाण्यात जातं. त्याला झाकण ठेवून वाफ द्यायची. तांदूळ किंवा मक्याच्या पिठाचा, ग्लुटेन नसलेला पास्ता गार झाल्यावर जास्तच कडक होतो आणि ढवळला की तुटतो. तो थेट व्हाइट सॉसमध्ये किंवा सूपमध्ये घालावा.

गोळा मोकळा करणं

गार पास्ता हाताने ओढून सुटा करायचा नाही. गारठलेला स्टार्च ठिसूळ असतो, त्यामुळे धागे तुटतात आणि नळ्या फाटतात.

सॉस न लावलेला पास्ता असेल तर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा. पास्ता चाळणीत ठेवून चाळणी पाण्यात बुडवा, २० ते ३० सेकंद थांबा, काट्याने हलकेच सुटा करा आणि लगेच उचला. गोळा फार गच्च असेल तर ४५ सेकंद, त्याहून जास्त नाही. या पाण्यात मीठ घालायची गरज नाही. पाणी नीट निथळू द्या, कारण नळ्यांच्या पोटात बरंच पाणी दडून बसतं आणि नंतर सॉस पातळ करतं.

सॉसमध्ये कालवलेला पास्ता धुवायचा नाही. पसरट तव्यात ३ ते ४ टेबलस्पून पाणी घाला, पास्ता पसरा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर दोन मिनिटं त्याला हात लावू नका. काम वाफ करते, चमचा नाही. मग झाकण काढून कडेकडेने उलथणं सरकवत मोकळा करा. मायक्रोवेव्हमध्येही हेच करायचं: पसरट भांडं, ३ टेबलस्पून पाणी, सैल झाकण, मध्यम शक्तीवर दोन मिनिटं, हलवून आणखी एक-दोन मिनिटं. पूर्ण शक्तीवर कडा चामड्यासारख्या होतात.

तव्यावरचा पास्ता

चौघांसाठी ५०० ग्रॅम शिजलेला पास्ता, ३ टेबलस्पून ऑलिव्ह किंवा कुठलंही सौम्य वासाचं तेल, १ मध्यम कांदा, ४-५ लसूण पाकळ्या, ३०० ग्रॅम भाजी (ढोबळी मिरची, झुकिनी, मशरूम, ब्रोकोली, यांतली कोणतीही दोन), ४०० ग्रॅम टोमॅटो, २४० ग्रॅम शिजलेले छोले किंवा राजमा, ४० ग्रॅम किसलेलं चीज, मीठ, मिरी आणि पाऊण वाटी पाणी. पसरट तवा किमान २८ सेंटिमीटरचा हवा. लहान भांड्यात भाजी परतली जात नाही, उकडली जाते.

भाजी आधी, एकटी. तवा चांगला तापल्यावर २ टेबलस्पून तेल घालून मोठ्या आचेवर भाजी एका थरात पसरा आणि पहिली दोन मिनिटं हलवू नका. कडा तांबूस झाल्या की उलटा, आणखी दोन मिनिटांनी ताटलीत काढून ठेवा. मशरूम घेतले असतील तर त्यांना मीठ शेवटी लावा, आधी लावलं तर पाणी सुटून ते रबरासारखे होतात. ब्रोकोलीचे तुरे २ सेंटिमीटरपेक्षा मोठे ठेवू नका, नाहीतर दांडा कच्चा राहतो.

त्याच तव्यात उरलेलं तेल, बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर पाच मिनिटं परता. कांदा पारदर्शक झाला की लसूण घाला. लसणाला ३० ते ४० सेकंद पुरेत, तो तपकिरी झाला तर कडवट होतो आणि ती चव पुढे कशानेही झाकली जात नाही. टोमॅटो घालून आठ ते दहा मिनिटं आटवा. तळाशी उलथणं फिरवल्यावर मागे क्षणभर रेघ राहिली की सॉस आळला समजा. छोले घाला, एक उकळी आणा.

ताजा पास्ता करताना त्याच्याच पाण्याची एक पळी सॉसमध्ये जाते. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होऊन सॉस तुकड्यांना धरून राहतो. उरलेल्या पास्त्याजवळ ते पाणी नसतं, आणि म्हणूनच तव्यावरचा शिळा पास्ता बहुतेक वेळा एकतर कोरडा लागतो नाहीतर तेलकट. त्याला सोपा पर्याय आहे. पाऊण वाटी गार पाण्यात, म्हणजे साधारण १५० मिलिलिटरमध्ये, १ सपाट टीस्पून कॉर्नफ्लोअर कालवा, लहान भांड्यात ढवळत उकळी आणा. पाणी किंचित दाटसर, दुधासारखं दिसेल. यातलं निम्मं सॉसमध्ये ओता, बाकीचं हाताशी ठेवा.

आता मोकळा केलेला पास्ता आणि भाजी सॉसमध्ये घालून मध्यम आचेवर दीड ते दोन मिनिटं खालून वर उलटत राहा. कोरडं वाटलं तर हाताशी ठेवलेलं पाणी एकेक चमचा घाला. आच बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मगच चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं की त्यातली प्रथिनं आकसतात, तूपकट भाग वेगळा होतो आणि उलथण्याला दोरे लटकतात. मीठ अगदी शेवटी चाखून घाला. पास्ता आधीच मिठाच्या पाण्यात शिजलेला आहे, चीजही खारट आहे, आणि गार अन्नात मीठ कमी जाणवतं. डब्यातला गार तुकडा चाखून मिठाचा अंदाज बांधलात तर हमखास खारट होणार.

अंड्यातला पास्ता

इटलीतल्या नेपल्सकडे उरलेल्या पास्त्याचं हेच करतात: फ्रित्ताता दी पास्ता, म्हणजे पास्त्याचं जाड ऑम्लेट. पास्ता टोमॅटो सॉसचा असो, नुसता असो, कालचा मऊ पडलेला असो, सगळं यात जिरतं. फक्त एकाच पदार्थाची सवय करायची असेल तर याची करावी, कारण तव्यावरच्या पास्त्यापेक्षा यात चुकायला जागा कमी आणि गार झाल्यावरही हा चांगला लागतो.

४०० ग्रॅम पास्त्याला ५ अंडी, ६० ग्रॅम किसलेलं कडक चीज, ४ टेबलस्पून दूध, अर्धा टीस्पून मीठ आणि मिरपूड. नॉनस्टिक तवा २४ सेंटिमीटरचा. एवढ्या मिश्रणाचा थर सुमारे २ सेंटिमीटर होतो. तवा मोठा घेतला तर पातळ आणि कोरडा होईल, लहान घेतला तर खालून करपेपर्यंत मध्यभाग कच्चाच.

पास्ता मोकळा करून कोमट होऊ द्या. थेट फ्रीजमधला गारेगार घातला तर मध्यभागाला वेळ लागतो, वाफाळता घातला तर अंडी भांड्यातच गोठतात. अंडी, दूध, मीठ, मिरी फेटा, चीज घाला, पास्ता घालून प्रत्येक धाग्याला अंडं लागेल असं कालवा आणि पाच मिनिटं ठेवा. भांड्याच्या तळाशी अंड्याचं तळं साचलेलं दिसलं तर मूठभर पास्ता वाढवा, अजिबात ओल दिसत नसेल तर आणखी एक अंडं फोडा.

तव्यात २ टेबलस्पून तेल मध्यम आचेवर तापवा. धाग्याचा एक तुकडा टाकून पाहा, चुरचुरला की मिश्रण ओता आणि उलथण्याने दाबून सपाट करा. दोन मिनिटं मध्यम आच, मग झाकण ठेवून मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं. कडा सुटल्या, तवा हलवल्यावर अख्खी चकती एकसंध सरकली आणि वर किंचित ओल उरली, की उलटायची वेळ झाली.

तव्याहून मोठी, सपाट ताटली वर पालथी ठेवा, तळहाताने घट्ट दाबा आणि एका झटक्यात उलटा. हळूहळू उलटायला गेलं की मधोमध दुमडून तुटतं. हे सिंकवर करा, थोडं गरम तेल ओघळतं. तव्यात एक टीस्पून तेल घालून चकती परत सरकवा, चार ते पाच मिनिटं. उलटण्याची धास्ती वाटत असेल आणि तव्याची मूठ धातूची असेल, तर वरची बाजू ओव्हनच्या ग्रिलखाली तीन-चार मिनिटं ठेवा. ताटलीत काढल्यावर पाच मिनिटं थांबून मग कापा, लगेच कापलं तर फोडी सुटतात.

फ्रित्ताता तुटली तर बहुतेक वेळा अंडी कमी पडलेली असतात किंवा उलटण्याची घाई झालेली असते. आतून पाणी सुटलं तर पास्त्यावर सॉस जास्त होता. असा पास्ता आधी कोरड्या तव्यात दोन मिनिटं परतून ओल उडवायची. नळ्यांचा पास्ता वापरायचा असेल तर सुरीने ओबडधोबड चिरून घ्या, नाहीतर मध्ये पोकळ्या राहतात.

ओव्हनमधला पास्ता

हाताचं काम २० मिनिटांचं, पुढची अर्धा-पाऊण तास वाट पाहायची. इथली नेहमीची तक्रार एकच: कोरडा झाला. ओव्हनमध्ये पास्ता सॉस पीत राहतो आणि वरून पाणी उडतही असतं. त्यामुळे सॉस खायला आवडतो त्याहून पातळ हवा आणि वजनाने पास्त्याइतका किंवा थोडा जास्तच.

व्हाइट सॉससाठी ५०० ग्रॅम पास्त्याला ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा आणि ६५० मिलिलिटर दूध. लोणी मंद आचेवर वितळवा, मैदा घालून दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. दूध गार किंवा कोमट चालेल, पण पहिली अर्धी वाटी थेंबाथेंबाने घालून गुळगुळीत पेस्ट करा, मग बाकीचं धारेने. गुठळ्या होतात त्या सगळं दूध एकदम ओतल्यामुळे. झाल्याच तर चाळणीतून गाळा, लाज वाटायचं कारण नाही. पाच मिनिटं बुडबुडू द्या, अर्धा टीस्पून मीठ आणि चिमूटभर जायफळ घाला. आचेवरून उतरवून ६० ग्रॅम चीज विरघळवा. पळीच्या पाठीवर पातळसर थर राहील आणि बोट ओढल्यावर रेघ उमटेल एवढा दाटपणा पुरे.

पास्ता, सॉस आणि २०० ग्रॅम आधी परतलेली भाजी एकत्र करा. कच्ची भाजी घालू नका, तिचं पाणी सुटून तळाशी पांढरं डबकं साचतं. अडीच लिटरच्या डिशला लोणी लावा, मिश्रण भरा, वर ४० ग्रॅम चीज आणि मूठभर ब्रेडचा चुरा भुरभुरवा. २०० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये फॉइलने झाकून १५ मिनिटं, फॉइल काढून आणखी १० मिनिटं. कडेने बुडबुडे आणि वर सोनेरी डाग दिसले की बाहेर. दहा मिनिटं तसंच राहू द्या, सॉस त्या वेळात बसतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १२ मिनिटं. वर कुरकुरीतपणा येणार नाही, म्हणून ब्रेडचा चुरा चमचाभर लोण्यात वेगळा खमंग भाजून वाढताना वर घाला. फरक फारसा कळत नाही.

सूप, आणि अवघड सॉस

सूप सगळ्यात सोपं. कांदा, गाजर, सेलरीचे लहान तुकडे २ टेबलस्पून तेलात आठ मिनिटं, मग टोमॅटो, शिजलेला राजमा आणि १.२ लिटर पाणी किंवा स्टॉक. १५ मिनिटं उकळा. मूठभर राजमा पळीने भांड्याच्या कडेला चिरडलात तर दाटपणा येतो. ३०० ग्रॅम पास्ता, लांब असेल तर ३ सेंटिमीटरचे तुकडे करून, शेवटच्या दोन मिनिटांतच घाला. सूप उरणार असेल तर पास्ता भांड्यात न घालता वाडग्यांत वाटून वर सूप ओता. भांड्यात घातला तर तासाभरात सगळं सूप पिऊन बसतो.

क्रीमचा सॉस गरम करताना फुटतो, म्हणजे तूप वेगळं आणि दाणे वेगळे होतात. २०० ग्रॅम पास्त्यामागे २ टेबलस्पून दूध घालून अतिशय मंद आचेवर ठेवा, उकळी येऊ देऊ नका. फुटलाच तर आच बंद करून एक चमचा गार क्रीम जोराने फेटा, बहुतेक वेळा जुळून येतो. पेस्टो, म्हणजे बेसिल, तेल आणि चीजची हिरवी चटणी, तापला की बेसिल काळपट पडते, म्हणून पास्ता वाफेवर गरम करायचा आणि ताटात चमचाभर ताजा पेस्टो वर घालायचा. कार्बोनारा, म्हणजे अंडं आणि चीजच्या सॉसचा पास्ता, पुन्हा गरम करून पहिल्यासारखा होत नाही. सुरक्षित तापमानाला नेलं की त्यातलं अंडं गोठतंच. त्याशी झगडू नका, फ्रित्ताताच करा.

पुढच्या वेळी उरणार हे माहीत असेल तर

उरणारा भाग पुडक्यावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी वेगळा काढा आणि त्याला सॉस लावू नका. ताटात पसरून १५-२० मिनिटं निववा, ५०० ग्रॅमला एक टीस्पून तेल चोळा आणि उथळ, हवाबंद डब्यात भरा. तेल जास्त झालं तर नंतर सॉस धरत नाही. पास्त्याचं एक वाटी पाणीही बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत वापरलंत तर कॉर्नफ्लोअरची खटपट वाचेल. फ्रीजरमध्ये ठेवायचा असेल तर एका वेळच्या जेवणाएवढा भाग पिशवीत सपाट दाबून भरा. दोन महिन्यांपर्यंत चव टिकते, आणि वापरताना वितळवत बसायचं नाही, गोठलेलाच थेट उकळत्या पाण्यात एक ते दीड मिनिट.